तपासणी न करता फेडलेला नवस

१९ नोव्हेंबर. ओट्यावर कापसातली पत्ती निवडत बसलो होतो — मी आणि माझी धाकटी जाऊ, सुमन. तोपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आणि सुमनला त्या दुपारी जे सांगितलं, तेही अर्धंच.

मी रडूबाई नाही, हे आधी सांगते. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, किमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. केस गेले तेव्हा डोक्याला रुमाल बांधून सोयाबीनची मळणी सांभाळली. केदारखेड्यात कुणाला आजार निघाला की लोक माझं नाव घेतात — तिच्याकडे बघा, ती घाबरली का? आता काय सांगू त्यांना? उपचारात मी घाबरले नव्हते, कारण उपचारात काहीतरी करायचं असतं. पण नंतरच्या तपासण्या — बाकावर बसायचं, नाव पुकारायची वाट बघायची, मग रिपोर्टची — तिथे हाताला कामच नसतं. तारीख जवळ आली की मी फळीवरचे डबे उतरवून घासायला काढायची. घासलेलेच पुन्हा घासायची. घरच्यांना वाटायचं, हिला स्वच्छतेची हौस.

माझ्या ऑपरेशनच्या दिवशी सुमन पिंपळगावच्या रेणुकामातेला नवस बोलली होती — बाईंची मोठी तपासणी निर्मळ निघेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. ती मला बाई म्हणते. दोन वर्षं अनवाणी. कपाशीत अनवाणी, तुरीच्या धसकटांत अनवाणी, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरून टाचा उचलून पळायची. मी ओरडायची. ती म्हणायची, "देवीचं अन् माझं हाये ते. तुम्ही मधात पडू नका."

मे महिन्यात ती मोठी तपासणी होती. संभाजीनगरला एकटीच गेले — सोबत कुणाला नेत नसे, ऐट होती ना. बाकावर बसले. पुढचं नाव माझं होतं. आणि मी उठले. पाणी प्यायला उठतेय, असं स्वतःला सांगितलं — पण पाणी आतच होतं, आणि मी बाहेर आले. रिक्षा केली, स्टँडवर उसाचा रस प्यायले, मिळाली त्या एसटीत बसले. घरी येऊन म्हणाले, सगळं निर्मळ आहे. रिपोर्ट कुणी मागितला नाही. माझ्या शब्दावर आजवर कुणी कागद मागितला नव्हता.

त्या शुक्रवारी सगळं घर पिंपळगावला गेलं. पुरणाचा नैवेद्य, देवीची ओटी. देवळाबाहेर सुमननं नव्या चपला घातल्या आणि तिला धड चालताच येईना, सवय मोडली होती. सगळे हसले. मीही हसले. — हसले मी, काय म्हणावं याला?

वाटलं होतं, सुटले. कुठलं! आधी भीती तपासणीपुरती यायची, आता ती मुक्कामालाच आली. भाकरी थापता थापता हात काखेत जायचा, गाठ चाचपायला. पाठ दुखली तरी तेच. दवाखान्यातून फोन आला की 'शेतात आहे' म्हणून ठेवून द्यायची.

त्या दुपारीही हात काखेत गेला. सुमननं बघितलं. "काय हुडकून राह्यल्या रोज तिथं?" म्हणाली. आणि मी सांगून टाकलं. तपासणी झालीच नाही, बाकावरून उठून आले.

तिनं हातातली पत्ती खाली टाकली. मग म्हणाली, "माझे पाय बघवंना म्हून खोटं बोलल्या व्हय?"

आणि मी — हो म्हणाले नाही. पण नाहीही म्हणाले नाही. तिचे डोळे भरले, तिनं माझा हात धरला, आणि मी तो धरू दिला. खरी गोष्ट ही आहे. तिचे पाय मला त्या बाकावर आठवलेसुद्धा नव्हते. मी भ्याले होते, एवढंच. आणि त्या भित्रेपणाबद्दल मी तिच्याकडून माया घेतली — जिनं माझ्यासाठी दोन उन्हाळे पाय भाजून घेतले, तिच्याकडून.

डोळे पुसून ती म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं जायचं. मी येते संगं. उठून पळाल्या तर पदर धरून बसवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पहिल्या एसटीनं गेलो. खिडकीत नाव दिलं, चुकवलेल्या तारखेबद्दल बोलणी खाल्ली. बाकावर बसल्यावर सुमनला उरलेलं अर्धं सांगितलं — तुझ्या पायांचं काही नव्हतं, मी भ्याले होते. मग तिनं विचारलं, "अन् आता?"

"आताही भ्यालेय."

"मंग सरका थोडं. मलाबी भेव वाटून राह्यलंय."

मी सरकले. थोड्या वेळानं नाव पुकारलं. मी उठले, आणि आत गेले.