मेजरसाहेबांचं रक्त

माझी बायको औषधशास्त्र शिकवते. अलीकडे तिने रक्तवाहिन्या स्वतःच बनवायला घेतल्यात, आणि तेव्हापासून मी जळतोय.

बोटभर लांबीची, रबरासारखी पारदर्शक पट्टी. तिच्यात केसासारखी बारीक नळी, आणि नळीला आतून माणसाच्या जिवंत पेशींचं अस्तर. तिच्यातून रक्त सोडायचं, गुठळी रोखणारं नवं औषध द्यायचं आणि तरी गुठळी होते का ते पाहायचं. या पेशींसाठी ही बाई रविवारीसुद्धा आमच्या प्रताप नगरातल्या घरातून कॉलेज गाठते. का, तर "त्यांना खायला घालायचंय." माझे पोहे मी स्वतः गरम करून घेतो.

तर या पट्टीसाठी ताजं रक्त हवं होतं. मी लगेच शर्टाची बाही वर केली.

"तुमचं नाही चालणार," ती म्हणाली. हृदयाची रक्तवाहिनी बुजून तिच्यात जाळी बसवल्यापासून मी रक्त पातळ करायची गोळी घेतो. "औषधाचा परिणाम कुठला आणि तुमच्या गोळीचा कुठला, मला कळणार कसं?"

"मग कुणाचं?"

"मेजर भाऊजींचं."

मेजरसाहेब म्हणजे छावणीत राहणारे आमचे साताऱ्याकडचे स्नेही. पहाटे पळतात, डोकं दुखलं तरी गोळी घेत नाहीत, आणि हे सगळं मला भेटतील तिथे ऐकवतात. रक्त देऊन झालं त्या संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला आले. बायकोने त्यांच्यासाठी राजा पार्कच्या बाजारातून प्याज कचोरी आणली होती. मला मुरमुरे.

"काय वहिनी, कसं आहे आमचं रक्त?"

"अहो, काय सुंदर वाहतंय!"

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यातलं काही सुंदर वाहिल्याचं मी ऐकलेलं नाही.

ते गेल्यावर जेवताना मी माझी गोळी ताटाच्या कडेला ठेवली. "ही आता काही दिवस बंद. मतलब, पुढच्या वेळी माझंच रक्त घे."

मला वाटलं, हसेल. तिने हातातला घास खाली ठेवला.

"आज एका नळीत मुद्दाम औषध दिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर बुजली ती. काय केलं मी? काढून टाकली, दुसरी लावली." तिने गोळी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "तसल्या डबाभर आहेत माझ्याकडे. तुमची पुन्हा बुजली तर मी कुठून आणू?"

मी पाण्याबरोबर गोळी गिळली. पेला रिकामा होईपर्यंत ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली. त्या पट्टीकडे असंच बघत असेल, असं वाटून मला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात ओट्यावर झाकून ठेवलेली एक कचोरी दिसली.

"ही कुणाची?"

"हात नका लावू. भाऊजींना डब्यात द्यायची राहिली. त्यांचं रक्त मला परत लागणार आहे."