मार्थाबाईंची साक्ष

मिशनच्या कुटुंब केंद्राचा वार्षिक मेळावा. मार्थाबाई व्यासपीठावरून दरवर्षीसारखी आपली साक्ष देत होत्या आणि पहिल्या रांगेत त्यांचा नवरा, याकोबदादा, मान खाली घालून शर्टाचं बटण पिळत बसला होता. नवरा प्यायचा, मारायचा. केंद्रानं समजावलं, प्रभूनं घर सावरलं. सगळं खरं आहे. पण दारू सुटून इतकी वर्षं झाली, तरी या हॉलमध्ये तो दरवर्षी पुन्हा पितो, पुन्हा मारतो. बुडत्याला बाहेर काढायचं आणि मग जन्मभर ओल्या कपड्यांतच उभं करायचं, ही आम्हा केंद्रवाल्यांची तऱ्हा. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. मेळाव्याचा कार्यक्रम मीच ठरवते, म्हणून खाली उतरून मार्थाबाई माझ्यापाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "बाई, पुढच्या वर्षी मारल्याचं गाळलं तर चालेल का? नातवाला आता कळायला लागलंय."