थोरल्याला गोळा नाही

यादवराव मास्तरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली. मी जन्मभर मराठीचा शिक्षक. कविता शिकवल्या, मुलांकडून घोकून घेतल्या. गद्य लिहिण्याचा सराव थोडा. त्यातून आता डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही. तरीही हा लेख दुसऱ्या कोणी लिहावा, हे मनाला पटेना.

मास्तर आमच्या वाशीमच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायला आले, ते पहिल्या महायुद्धाच्या थोडे आधी. त्यापूर्वी ते मुंबईच्या गोदीत होते. तिथल्या एका माडीवर आरमाराची निशाणे बेतत आणि शिवत. बेतण्याचे आखीव काम मास्तरांकडे होते. आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. नवा मास्तर आला एवढेच कळले होते. बाजाराच्या दिवशी सकाळी मी शाळेत शिरलो, तर आवारात निंबाच्या दोन झाडांना दोरी बांधलेली, आणि तिच्यावर धुतलेली पांढरी निशाणे वाळत घातलेली. प्रत्येकावर कापडाची चार घरे पाडणारी तांबडी उभी-आडवी फुली. कशावर तांबडा गोळा, कशावर दोन. एक सडपातळ तरुण गृहस्थ कापडाच्या सुरकुत्या हाताने सरळ करीत होते.

कुंपणाबाहेर आसेगावचे तुळशीराम पाटील बैलगाडी थांबवून उभे होते. तेही तेव्हा तरणेबांडच. त्यांनी विचारले, "मास्तर, कोन्या देवाचं निशान हाये हे?"

"देवाचं नाही. दर्यावरच्या साहेबाचं."

"अन् दर्या कोठी हाये अथी?"

"नाही ना. म्हणून तर दोरीवर घातलंय. दर्या असता तर काठीवर चढवलं असतं."

पाटील हसले, मी हसलो, मास्तरही हसले. आमची तिघांची ओळख ती अशी झाली. आता मागे वळून पाहताना त्या सकाळचे ऊन मला फार कोवळे वाटते.

समुद्र मी पाहिलेला नाही. मला समुद्र भेटला तो क्रमिक पुस्तकातल्या कवितांत: रत्नाकर, गर्जणारा, अथांग वगैरे. मास्तरांनी मला दुसरा समुद्र दाखवला. ते सांगत, की पूर्वी इंग्रजांच्या मोठ्या आरमाराचे तांबडा, पांढरा, निळा असे तीन ताफे असत; आणि दर ताफ्यात तीन सरदार. थोरला मध्यभागी, मधला पुढे, धाकटा पिछाडीला. कोणाचा दर्जा कोणता, हे निशाण कोणत्या डोलकाठीवर आहे यावरून कळे. मधल्या काठीवर असले तर थोरल्याचे, पुढच्या काठीवर मधल्याचे, मागच्या काठीवर धाकट्याचे. पुढे तीन रंग मोडून सर्वांना एकच पांढरे निशाण दिले. मग लोखंडी जहाजे आली आणि डोलकाठ्या कमी झाल्या. एकाच काठीवर तिघांची ओळख कशी पटावी? म्हणून फुलीच्या बाजूच्या घरांत गोळे आले. काठीलगतच्या वरच्या घरात एक गोळा असेल तर मधला सरदार. वर एक आणि खाली एक असेल तर धाकटा. थोरल्याचे निशाण मात्र नुसत्या फुलीचे राहिले.

मुलांना हे उलटे वाटे. त्यांच्या ध्यानात राहावे म्हणून मी दोन ओळी जुळवून दिल्या होत्या:

*धाकट्याला दोन गोळे, मधल्याला एक;*
*थोरल्याला गोळा नाही, उंच उडे देख.*

माझ्या साऱ्या कवित्वात लोकांच्या तोंडी रुळले ते एवढेच. शेतात ढोरे राखणारी पोरेही ते म्हणत.

ड्रॉइंगच्या तासाला मास्तर मुलांकडून ही निशाणे कापडात करवून घेत. गोळा नुसता वरून टाचलेला त्यांना चालत नसे. वरून शिवायचा आणि पाठीमागचे पांढरे कापड गोल कापून काढायचे, म्हणजे उजेड आरपार येतो आणि गोळा दोन्ही बाजूंनी तेवढाच लाल दिसतो. "पाठ खोटी ठेवू नका रे," असे ते म्हणत. कापडाविषयी म्हणत, माणसांना उपदेश करण्याची त्यांना सवय नव्हती.

त्यांचा मुलगा माधव याच तासात वाढला. वडिलांसारखा सडपातळ, बोलायला चुणचुणीत. इंग्रजी त्याचे उत्तम होते. वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी सरूबाई, त्याला म्हणायच्या, "झेंडे पाहून पोट भरते काय रे तुहं? जेव ना अगुदर!"

दुसरे महायुद्ध पेटले, आणि भरतीसाठी आरमारातले एक निवृत्त साहेब आमच्या भागात फिरू लागले. दर्याच्या नावाने माणसे गोळा करायला ते वऱ्हाडात आले होते, यावर पुष्कळांनी थट्टा केली. आसेगावास त्यांचा मुक्काम ठरला. तुळशीराम पाटलांनी मास्तरांना साहेबांचे निशाण मागितले.

"पाटील, निवृत्त माणसाला निशाण नसतं. ज्या दिवशी अंमल सुटतो त्या दिवशी ते उतरतं. पण लावायचंच असेल तर हे मधल्या दर्जाचे होते. एक गोळा."

"एक?" पाटलांचा चेहरा पडला. "मास्तर, एका गोळ्याचा झेंडा म्हंजे काना झेंडा! साहेब म्हनन, आसेगावात तांबडं कापड भेटत नाही काय?"

मास्तरांनी एका गोळ्याचे निशाण दिले. पाटलांनी गावच्या शिंप्याकडून त्याच्या बेताचे नवे करवले, आणि चारी घरांत चार गोळे टाचून घेतले. पोळ्याला आमच्याकडे बैलाच्या शिंगाला एक गोंडा बांधून कोणी थांबत नाही. जितका लाडका बैल तितके गोंडे. पाटलांच्या हिशेबी साहेबांचा त्यांनी चौपट मान केला होता.

मी त्या सभेस हजर होतो. साहेब मंडपापाशी आले, वर पाहिले आणि थबकले. पुढे असलेले लोक घाबरले. दुभाषा म्हणून माधवला उभे केले होते. साहेब त्याला म्हणाले, की दोन गोळ्यांचा धाकटा असतो हे मला ठाऊक आहे. चार गोळ्यांचा म्हणजे मला थेट भांडी घासायला बसवले की काय? माधवने पोळ्याच्या गोंड्यांची गोष्ट इंग्रजीत सांगितली. साहेब इतके हसले, की टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. मग निशाणांविषयी त्यांनी त्याला बरेच काही विचारले, आणि माधवने सारे सांगितले.

महिना उलटला नाही तोच माधव आरमारात गेला. निशाणांनी निरोप धाडणाऱ्या खलाशांत त्याची भरती झाली होती. वहिनींनी मास्तरांना विनवले, तुमी नाही म्हना. मास्तर म्हणाले, "सगळं मीच शिकवलं. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

जहाज बुडाले. कुठे बुडाले तेही नीट कळले नाही. माधव बेपत्ता, एवढाच शब्द आला. मेला असे कोणी म्हटले नाही आणि देह कोणी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर तासाला आले. मुलांना मांजराचे चित्र काढायला सांगून ते खिडकीपाशी उभे राहिले. भिंतीवरची निशाणे त्यांनी काढली नाहीत. मुलांनीच मात्र ती कविता म्हणणे सोडले. कोणी सांगितले नव्हते.

तुळशीराम पाटील वाशीमच्या बाजाराला यायचे बंद झाले. भाजीची गाडी गड्याबरोबर धाडत. त्यांच्या गोळ्यांनी मास्तरांचा पोरगा नेला, असे लोक बोलत. त्यांच्या घरचेही बोलत. मास्तरांच्या कानावर हे आले तेव्हा ते सुटीच्या दिवशी आसेगावास गेले. मीही गाडीत होतो. पाटील दारात आले आणि खाली पाहत उभे राहिले. मास्तर आपणच ओसरीवर बसले आणि म्हणाले, "पाटील, भाकर वाढायला सांगा. ठेचा असेल तर बरं." जेवण होईपर्यंत माधवचे नाव निघाले नाही. निघताना मास्तर इतकेच बोलले, "बाजाराला येत जा. तुमची वांगी गडी दबलेली आणतो." माणसाला त्याच्या पायावर पुन्हा उभे करण्याची ही रीत मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

स्वतःच्या घरात मात्र मास्तर अडून बसले होते. देह सापडत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तो विधी वहिनींना हवा होता. युद्ध संपले, गेलेले परतायचे ते परतले, वर्षे गेली. वहिनींना छातीचे दुखणे लागले. मी भेटीस गेलो की खाटेवरून त्या म्हणत, "भाऊजी, तुमी तरी समजावा याहिले. माह्या डोळ्यादेखत होऊ द्या म्हना. पोराले कोनी घोटभर पानी देल्लं नाही. मी मेल्यावर कोन आठवन ठेवन?"

मास्तर म्हणत, "सरदार मेला तर त्याचं निशाण अर्ध्यावर आणतात आणि दफन होईपर्यंत तसंच ठेवतात. हुकमाशिवाय उतरवत नाहीत. मला अजून कोणी हुकूम दिला नाही."

"तो सरदार नव्हता हो," वहिनी म्हणत. "लेकरू व्हता."

यावर मास्तर उठून परसात जात. असे कितीदा झाले. मी समजावले, भटजींनी समजावले. वहिनी वाळत चालल्या होत्या आणि मास्तर अर्ध्यावर थांबले होते.

मागच्या फाल्गुनात, पळस फुलून सारे रान तांबडे झाले असताना, सकाळीच तुळशीराम पाटील मास्तरांच्या घरी आले. मी तिथेच होतो. काखेतली घडी त्यांनी मास्तरांपुढे ठेवली.

"काय आणलंत?"

"थेच निशान. साहेबाचं. चारी गोळे उसवले मास्तर. फुली बी उसवली. म्या सोता उसवली, शिंप्याले हात लावू नाही देल्ला."

"कायले?" मास्तरांच्या तोंडून वऱ्हाडी शब्द आला, असे क्वचितच होई.

पाटील खाली बसले. "माहा नातू म्हने ना ते गानं, या गुरुजींचं. धाकट्याले दोन, मधल्याले एक, थोरल्याले काहीच नाही. मले तवा उमजलं नव्हतं. आता उमजलं. ज्याच्या अंगावर काहीच नाही राह्यलं, तो समद्याईच्या वरचा. साहेबाच्याई वरचा." त्यांनी डोळे पुसले. "माधवले हे पांघरा. मंग कोनाचा हुकूम पाह्यजे तुमाले?"

मास्तरांनी घडी उलगडली. अनेक वर्षांच्या कारागिराच्या हाताने कापड उजेडात धरून उलटेपालटे पाहिले. शिंप्याने गोळे नुसते वरून टाचले होते, पाठीमागचे कापड कापले नव्हते. मास्तरांच्या तासाला हे चालले नसते. आज त्यामुळेच कापड अखंड राहिले होते. बाकी सारे उन्हाने पिवळट पडले होते. गोळ्यांच्या जागी चार वर्तुळे आणि मध्ये फुलीचा पट्टा तेवढा नव्यासारखा पांढरा होता. मास्तरांनी एका वर्तुळावरून अंगठा फिरवला.

मग खाटेकडे पाहून म्हणाले, "सरू, हुकूम आला."

पत्रावळींसाठी साठवलेली पळसाची पाने पाटलांच्या घरून आली. पुतळ्यावर ते कापड घातले आणि मास्तरांनी अग्नी दिला. वहिनी गाडीत गादीवर पडून पाहत होत्या. घरी आल्यावर त्यांनी मागून भात खाल्ला. वैशाखात त्या गेल्या.

असे हे साठावे वर्ष. मास्तर आता घरी एकटे असतात. नोकरी संपली, तरी सकाळी शाळेत येतात, लहान मुलांच्या पेन्सिलींना टोके काढून देतात. माझे डोळे अधू झाल्यापासून त्यांनी माझ्या आवडीच्या कविता पुठ्ठ्यांवर बोटभर जाड अक्षरांत काढून दिल्या आहेत. निशाणे आखायचे तेच हात. एका कडव्याला एक पुठ्ठा लागतो. लांबलचक कवितांनी माझी खोली भरली आहे. पुन्हा शाळेत बसल्यासारखा मी त्या मोठ्याने वाचतो. मुले भिंतीपलीकडे पुन्हा ते गाणे म्हणू लागली आहेत, तेही ऐकतो.

या गौरवाला मास्तरांनी संमती दिली नव्हती. "निवृत्ताला निशाण नसतं," हेच उत्तर आम्हालाही मिळाले. म्हणून त्यांना त्यांच्याच शास्त्रातल्या एका नियमाची आठवण करून देतो. तो त्यांनीच मला शिकवला आहे. जहाजाचा झेंडा सूर्यास्ताला उतरवतात. सरदाराचे निशाण उतरवीत नाहीत. तो जहाजावर आहे आणि त्याचा अंमल चालू आहे, तोवर ते रात्रंदिवस काठीवरच असते.

ज्याने मुलगा आणि पत्नी दोघांना पोचवले, त्याला शतायुषी व्हा म्हणताना माझी जीभ अडखळते. तरी म्हणतो. शाळा आपल्या अंमलाखाली आहे, आसेगावचे पाटील आहेत, बोटभर अक्षरांवर जगणारा हा म्हाताराही आहे. मास्तर, आपली प्रकृती धड राहो, हात स्थिर राहो. रात्र पडली आहे, हे आम्हाला दिसते. निशाण उतरवू नका.