रिकामं पिंप

माझा मधला भाऊ पिंपांशी बोलतो. लोकांनी त्याला केव्हाच वेडा ठरवून टाकलंय. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण तो वेडा नाही. मी त्याची सख्खी मोठी बहीण, मला विचारा.

त्याचं वेल्डिंगचं दुकान आमच्या घराला लागूनच आहे. लोखंडी पिंप लांबीत कापायचं, त्याला पाय, बिजागऱ्या आणि जाळी लावायची, की झाली मांस-भाज्या भाजायची शेगडी. दुपारी ऊन चढलं की अंगणात रचलेली पिंपं तापून ठण्ण करतात. पत्राच तो, फुगणारच. पण हा हातातला घास ताटात ठेवून म्हणतो, "आलो रे!" आणि खरोखर उठून बाहेर जातो. सुरुवातीला मी हसायचे. आता नाही हसत, कारण आमचा धाकटा भाऊ त्याला असाच बोलवायचा, पत्र्यावर थाप मारून.

धाकटा याच अंगणात गेला. दोघं भाऊ बरोबरीने काम करायचे. एक पिंप आलं. धाकट्याने विचारलं, "रिकामं आहे ना?" मधल्याने हलवून पाहिलं, आत काही डुचमळलं नाही. "रिकामंच आहे," तो म्हणाला. रंग पातळ करायच्या थिनरचं पिंप होतं ते. आत थेंब नव्हता, पण वाफ होती. धाकट्याने कापायची ज्योत लावली आणि पिंप फुटलं.

तेव्हापासून आमच्याकडे 'रिकामं' हा शब्द बंद. डबा संपतो, खुर्ची मोकळी असते, माझं डोकं तर कामातून जातं, पण रिकामं काहीही नसतं. गिऱ्हाईक "रिकामं पिंप आणलंय" म्हणालं की हा सरळ परत पाठवतो. फक्त खाद्यतेलाचं पिंप घेतो. बुचं काढून सोड्याच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतो, आत वाफेला जागा उरू नये म्हणून कापायच्या रेघेपर्यंत पाणी भरतो, मगच ज्योत पेटवतो. जस्त चढवलेली जाळी लावत नाही, तापली की विषारी धूर सोडते म्हणून. शेगडी तयार झाली की आधी नुसती लाकडं पेटवून आतला रंग जाळून काढतो. गिऱ्हाईकं वैतागतात. वैतागू देत.

हल्ली धाकट्याच्या मुलीने हट्ट धरला. "काका, मला पण कापायला शिकव. नाही म्हणालास तर नाक्यावरच्या कारखान्यात जाईन." तिथे पिंपात पाणी भरायला कोणाला फुरसत नसते. मधल्याची झोपच उडाली. शिकवायचं तर तिचा बाप कसा गेला ते सांगणं आलं, आणि आम्ही तिला नुसतं 'अपघात' एवढंच सांगितलं होतं.

आज सकाळी त्याने तिच्यासाठी पिंप धुतलं, आडवं करून पाणी भरलं, काळा चष्मा तिच्या हातात दिला आणि मटकन ओट्यावर बसला. सगळं सांगून टाकलं. "त्याने मला विचारलं होतं गं. मीच म्हटलं, रिकामंच आहे."

भाचीने चष्मा ओट्यावर ठेवला. मला वाटलं, गेली ही आता नाक्यावरच्या कारखान्यात. मग तिने विचारलं, "बाबांनी स्वतः का नाही बघितलं?"

मला रागच आला. मेलेल्या बापाची चूक काढते म्हणजे काय! पण माझ्याआधी मधलाच उसळला.

"तो कशाला बघेल? मी सांगितलं होतं ना! माझ्या शब्दावर गेला तो. तू जाऊ नकोस. कोणाच्याच शब्दावर जाऊ नकोस. माझ्या तर मुळीच नाही!"

तिने काकाकडे पाहिलं, मग पिंपाकडे. वाकली, आणि पिंप फिरवून बुचाचं भोक खाली केलं. सकाळपासूनची मेहनत भळाभळा आमच्या पायांवरून वाहून गेली. तिने सोड्याची पिशवी ओढली आणि पहिल्यापासून धुवायला घेतलं.

"अगं, काकाने धुतलंय ते!" मी ओरडले. "एवढा अविश्वास?"

मधल्याने माझा हात धरला. तो रडत होता.

"ओतू दे, ताई," तो म्हणाला. "ही जगेल."