रेकॉर्डचा बॉल
बामचं झाकण उघडलं की अमेरिकेतल्या नोव्हाय गावातलं शाळेचं बेसबॉलचं मैदान डोळ्यांपुढे येतं. बॉल अंगाला लागला की बॅटरला पहिला बेस, म्हणजे धावेचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. असा सर्वांत जास्त मार खाण्याचा शाळेचा रेकॉर्ड मोडायला माझ्या लेकाला एकच बॉल हवा होता. बॉल टाकायला पिचरने हात उचलला. "अरे, बाजूला हो!" मी ओरडले. त्याने नुसती पाठ वळवली. धप्प! सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. लागलेली जागा चोळायची नाही, हा तिथल्या खेळाडूंचा रिवाज. तो ताठ चालत बेसवर गेला. घरी मात्र शर्ट वर करून चक्क मराठीत म्हणाला, "आई, हळू लाव." परवा त्याचा फोन आला, कुठल्याशा मुलाने तो रेकॉर्ड मोडला म्हणे. माझ्या तोंडून आधी निघालं, "त्या मुलाची आई होती का रे तिथे?"