नैवेद्याआधीची चव

रविवारी माणूस विश्रांती घेतो असं ज्याला वाटतं, त्याची बायको भजनी मंडळात नसणार. माझी आहे. काळाचौकीचं तिचं मंडळ आणि जवळच्या चर्चमधल्या बायका मिळून दर रविवारी परळच्या एका कॅन्सर हॉस्पिटलबाहेर खिचडी वाढतात. गावाकडून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं तिथे फुटपाथवरच राहतात. स्वयंपाक चर्चच्या हॉलमागे होतो. भक्ती त्यांची, टोप उचलायची कंबर माझी.

त्या रविवारी मी ठरवूनच गेलो होतो की आज सांगून टाकायचं, आता होत नाही. गुडघे बोलायला लागले होते. मलाही बोलायचं होतं, पण संधी मिळेना.

मोठ्या टोपाशेजारी एक छोटं पातेलं असे. ज्यांचं तोंड उपचारांनी सोलवटलेलं असे, त्यांच्यासाठी बिनतिखटाची, मऊ, नावापुरतं मीठ घातलेली खिचडी. यवतमाळकडची एक बाई नवऱ्यासाठी त्यातली डबाभर न्यायची. त्या दिवशी डबा पुढे करताना म्हणाली, "दोन दिवस झाले भाऊ, पाण्याशिवाय काही उतरलं नाही. आजही नाही खाल्लं तर संध्याकाळी नाकातून नळी टाकणार म्हणतात. ते तर नळीला लहान लेकरासारखे भ्यायले."

मी पातेल्याच्या तळापर्यंत डाव घालून चांगली मऊ खिचडी दिली. थोड्या वेळाने ती तोच डबा घेऊन परत आली. भांडण नाही, तक्रार नाही. "आज थोडी खारट आहे का हो? एक चमचा घेतला अन् रडायलेच लागले."

मी चाखली. माझ्या धडधाकट जिभेलाही ती झोंबली.

तसाच पातेलं उचलून हॉलवर गेलो. चर्चमधल्या बायकांच्या प्रमुख, सगळ्यांच्या आंटी, मिस्सा म्हणजे रविवारची उपासना संपवून नुकत्याच आल्या होत्या.

"मीठ कोणी घातलं?" मी विचारलं.

"मी," बायको म्हणाली.

"मी पण," आंटी म्हणाल्या. "मिस्साला जायच्या आधी. तू नारळ खवत होतीस ना, बाय. मला वाटलं राहिलं."

"मग चाखलं नाही कोणी?"

दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चपला घालून गाभाऱ्यात शिरलोय. नैवेद्य दाखवायच्या आधी मंडळातलं कोणी चाखत नाही. मिस्सा होईपर्यंत आंटी सकाळपासून तोंडात काही घालत नाहीत. आणि नैवेद्याचं पान मोठ्या टोपातलं, त्यामुळे नंतर प्रसाद म्हणून तोंडात पडतो तोही त्यातलाच. छोट्या पातेल्याला दोन देव होते, पण जीभ एकही नव्हती.

आंटींनी गॅस पेटवला. "पेज करू. पेजेला काय वेळ लागतो?"

तांदूळ शिजून फुटेपर्यंत मी स्टुलावर बसलो. राजीनामा तोंडाशी आला होता, पण पेज वर येत होती आणि दोघी मिठाच्या डब्यापासून हात लांब धरून उभ्या होत्या. "घाल तू," बायको म्हणाली, "आणि चाख."

"पण उष्टं..."

"वाटीत घेऊन चाख रे. तुझा काय उपास आहे?" आंटी म्हणाल्या. "तू कुठे देवळातपण जात नाय."

चिमूटभर घातलं. चाखलं. फुंकर मारून पुन्हा चाखलं. आयुष्यात कुठल्याच पदार्थाकडे मी इतकं लक्ष दिलं नसेल.

पातेलं घेऊन परत गेलो तेव्हा फुटपाथवरची पंगत उठली होती. "आमच्यात आधी कोणी चाखत नाही, पण ही मी चाखून आणलीय," मी बाईला सांगितलं. बाईने नवऱ्याला भिंतीला टेकवून बसवलं. पहिला चमचा त्याने बराच वेळ तोंडात धरला. मी उगाच रस्त्याकडे बघत राहिलो. मग गिळल्याचा आवाज आला. त्याने हाताने वाटी जवळ ओढली. अर्धी वाटी संपायला खूप वेळ लागला, पण संपली.

"संध्याकाळीही हीच देते," बाई म्हणाली आणि डबा पुन्हा भरून घेतला. मग विचारलं, "पुढल्या रविवारी कोण चाखणार, भाऊ?"

माझे गुडघे ठणकत होते. "मीच," मी म्हणालो. "इतकं अधार्मिक आमच्यात दुसरं कोणी नाही."