खालची बर्थ शोभाबाईची

शोभाबाईने एकतीस वर्षांत आपल्या थोरल्या दिराशी, उखानानांशी, थेट एक शब्द काढला नव्हता. भांडण नव्हतं काही. नंदुरबारकडच्या त्यांच्या घराण्यात धाकट्या सुनेनं जेठाशी बोलायचंच नाही अशी रीत होती, आणि सुरतेतल्या लिंबायतच्या खोल्यांमध्येही ती तशीच चालत आली. नाना तीन हातांवर बसलेले असले तरी शोभाबाई मोठ्या जावेला म्हणायची, "जिजी, विचारा बरं, चहा मांडू का?" आणि नाना भिंतीकडे बघून म्हणायचे, "सांग तिला, साखर कमी टाक."

नानांचा मान मोठा होता. सुरतेला पहिले ते आले. मग त्यांनी गावातली दहा-बारा पोरं कापडाच्या लूमवर चिकटवली, त्यात शोभाबाईचा नवरा वाल्मिकही. घरात काही ठरायचं असलं की शेवटचा शब्द नानांचा. शोभाबाईलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. निदान पाठ धरेपर्यंत तरी.

ती साड्यांना स्टोन चिकटवायची. सकाळी मार्केटमधून साड्यांचं पोटलं यायचं, ते मांडीवर घेऊन बसायचं आणि वाकून एकेक चमकता खडा गोंदावर ठेवत जायचं. पंचवीस वर्षं. मणक्याने शेवटी हात टेकले. डॉक्टरांनी फोटो काढून बघितला आणि म्हणाले, "बाई, वजन उचलायचं नाही, उड्या-चढाया करायच्या नाहीत. लांबचा प्रवास करायचाच असेल तर सपाट पडून करा."

शोभाबाईला हसू आलं होतं. सपाट पडून! सुरतेहून गावी जायचं म्हणजे जनरलच्या डब्यात संडासाच्या दाराशी पत्र्याच्या पेटीवर बसायचं, एवढंच तिला ठाऊक. लग्नानंतर पहिल्यांदा आली ती तशीच. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा तर बसायलाही मिळालं नव्हतं; दोंडाईचापर्यंत एका पायावर भार देत उभी राहिली आणि पोहोचली तेव्हा पाय सुजल्यामुळे चपला हातात घेऊन घरात शिरली.

म्हणून नानांनी जगन्नाथपुरीला जायचं काढलं, तेव्हा शोभाबाईने पहिला प्रश्न विचारला तो मुलीला. "वर्षा, त्या गाडीत झोपायला मिळतं का गं?"

वर्षा कुरिअरच्या ऑफिसात कामाला, मोबाइलवर सगळं करणारी. चौघांची स्लीपरची तिकिटं तिनेच काढली. "मम्मी, तुला खालची बर्थ मिळालीय. पंचेचाळीसच्या वरच्या बायकांना खालची आधी देतात. जिजीला मधली, पप्पा आणि नाना वर."

"केवढी असते?"

वर्षाने फरशीवर खडूने आखून दाखवली. सहा फूट लांब, दोन फूट रुंद. शोभाबाईने त्या रात्रीपासून त्या चौकटीतच झोपायला सुरुवात केली. कूस बदलताना रेघेबाहेर जायचं नाही, हे ती आठ दिवसांत शिकली. वाल्मिक म्हणाला, "डोकं फिरलं हिचं." तिने ऐकून सोडून दिलं. साड्यांच्या चिंध्यांची बर्थच्या मापाची पातळ गोधडी शिवली, सरकू नये म्हणून चारही टोकांना नाड्या लावल्या. गुडघ्यांखाली घ्यायला एक लांबोळकी उशी केली. संडासला सारखं उठायला नको, म्हणून कोरडी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन काकड्या बांधल्या. नव्या नवरीने रुखवत मांडावं तशी ती तयारी करत होती.

गाडी दुपारी निघाली. समोरच्या बर्थवर एक ओडिया जोडपं होतं, नवराही लूमवरचाच कारागीर. शोभाबाईने गोधडी अंथरली, नाड्या बांधल्या आणि खिडकीशी बसली. नानांनी चपला काढल्या आणि तिच्या गोधडीवर आडवे झाले.

ती आक्रसून टोकाला बसली. नवापूर गेलं. नंदुरबार गेलं. नाना घोरत होते आणि शोभाबाईच्या वाट्याला वीतभर फळी होती. दोंडाईचा आलं तेव्हा कमरेतून निघालेली कळ पोटरीपर्यंत उतरली होती. तिने वाल्मिककडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "जाऊ दे. मोठे आहेत."

अमळनेरला नाना उठले, चहा प्यायले आणि भावाला म्हणाले, "वाल्मिक, मी रात्री इथंच पडतो. मला वर गरम होतं. तिला सांग, माझ्या जागेवर चढ म्हणावं."

वाल्मिक बायकोकडे वळला. पण त्याने तोंड उघडायच्या आत शोभाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ नानांच्या तोंडाकडे बघितलं.

"नाना, हाई जागा मनी शे. मी वर नही जावाव."

घरच्या अहिराणीत, मोठ्याने नाही, पण खणखणीत. जिजीच्या हातातला कप तसाच राहिला. समोरच्या ओडिया बाईला शब्द कळले नसतील, पण तीही बघायला लागली.

नानांनी वाल्मिकला विचारलं, "काय म्हणते ही?"

"त्यांना काय विचारता? मी इथं बसलीय," शोभाबाई म्हणाली. "दिवसा तुम्ही बसा, सगळे बसा, माझं काही म्हणणं नाही. दहा वाजले की आडवी मी होणार. माझ्या नावावर आहे, आणि नसती तरी पाठ माझी मोडलीय, तुमची नाही."

"सुरत कोणी दाखवली तुम्हाला?" नाना आता थेट तिच्याशीच बोलत होते, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "कोणाच्या जिवावर उभे राहिलात?"

"तुमच्याच. मी ते जन्मात विसरणार नाही. पण त्याच्यासाठी मी एकतीस वर्षं दाराशी बसून प्रवास केला. आता नाही करणार."

वाल्मिक म्हणाला, "शोभे, गप बस."

"तुमची पण वरचीच आहे ना? मग चढा आणि झोपा."

नाना उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. भुसावळला त्यांनी जेवण घेतलं नाही. जिजी डबा घेऊन गेली, तशीच परत आली. शोभाबाईनेही भाकरी परत बांधून ठेवली. आपण काय करून बसलो, हे तिच्या मनातून जाईना. एकदा वाटलं, जावं आणि म्हणावं, झोपा बाबा तुम्ही. मग तिने गुडघ्यांखाली घ्यायची उशी पिशवीतून काढली, हातात घट्ट धरली आणि जागची हलली नाही. अकोल्याच्या पुढे नाना मुकाट्याने आले, शिडीवर दोन पावलं टाकून वर गेले आणि थोड्या वेळात घोरायला लागले. शोभाबाई पाय लांब करून पडली. आखलेल्या चौकटीत शिकलेलं अंग, एकदाही कडेला गेलं नाही. नागपूर कधी गेलं तिला कळलं नाही. सकाळी ती उठली तेव्हा बाहेर लाल माती आणि तळी होती, आणि प्रवासात पहिल्यांदाच तिची कंबर तिला आठवावी लागली.

पुरीला तीन दिवस नाना तिच्याशी बोलले नाहीत. ती मात्र थांबली नाही. एकदा तोंड उघडलंच आहे, तर परत कशाला मिटायचं? धर्मशाळेत ती विचारायची, "नाना, भात वाढू?" नाना बायकोकडे बघायचे, "सांग तिला, नको." दुसऱ्या दिवशी जिजीच्या मनात काय आलं कोण जाणे, ती पानातून मान वर न करता म्हणाली, "ती समोर उभी आहे. तुम्हीच सांगा." आणि जेवत राहिली.

सुरतेला परतल्यावर भाऊबंद बसले. खुर्च्या मांडून, मोठ्या गंभीर चेहऱ्यांनी. एक म्हातारा म्हणाला, "सूनबाई, नानांच्या पाया पड आणि माफी माग, विषय संपवू."

शोभाबाई पुढे झाली, वाकताना कमरेत कळ आली तरी वाकून पाया पडली आणि उभी राहिली.

"पाया सणावारी पडते, आजही पडले. माफी नाही मागणार. माफी मागायला आधी चूक करावी लागते. माझी कुठली, ते सांगा."

कोणी म्हणालं, "बाईनं एवढं बोलू नये." पण ते चूक काय याचं उत्तर नव्हतं, आणि हे बसलेल्या सगळ्यांनाच कळत होतं. नाना उठून गेले. ते आजतागायत तिच्या खोलीत आलेले नाहीत. गल्लीत काही जण तिला मागून 'बर्थवाली' म्हणतात. तिला माहीत आहे. दोन-तीन बायका मात्र तिकीट काढायच्या आधी वर्षाकडे येतात आणि दारातच विचारतात, खालची मिळेल का गं?

वाल्मिक दोन महिने घुम्यासारखा होता. मग एके दिवशी त्याने बघितलं, तर शोभाबाई गोधडीच्या नाड्या बदलत बसली होती. बिलासपूरला तिची बहीण छाया असते. अठरा वर्षांत भेट नव्हती.

"एकटी जाशील?" त्याने विचारलं.

"एकटी."

"वीस-बावीस तास लागतात."

"लागू देत," शोभाबाई सुईत दोरा ओवत म्हणाली. "मी झोपून जाणार आहे."